प्रभारी प्राचार्यपद: कोणती सही कोणाची आणि कोणती आपली

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावातल्या अनुदानित कॉलेजात एकोणीस वर्षं रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एका मॅडमना विचारायचं आहे: "आमचे प्राचार्य ३० जूनला निवृत्त होत आहेत. संस्थेने प्रभारी प्राचार्य म्हणून माझं नाव ठरवलं आहे. ऑफिसचा मला काडीचा अनुभव नाही. संस्थेचे सचिव, प्रबंधक, विद्यापीठ, उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालय यांत कोणाचा शब्द कुठे चालतो? मी सुरुवात कुठून करू?"

मॅडम, मी मराठवाड्यातल्या अशाच एका कॉलेजात कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो आणि प्रबंधक, म्हणजे ऑफिसचा प्रमुख, म्हणून निवृत्त झालो. तेहतीस वर्षांत सहा प्राचार्य पाहिले, त्यातले तीन प्रभारी. प्रभारी प्राचार्यांपैकी एक जण फार उत्तम निघाले. त्यांनाही ऑफिसचा अनुभव नव्हता. पण पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बोलावून विचारलं, "साहेब, रोज माझ्यापुढे किती कागद येतात आणि त्यातल्या कोणत्या कागदावर फक्त माझीच सही चालते, तेवढं मला सांगा." माझं उत्तर याच प्रश्नाभोवती आहे. कोणाचं वजन किती, कोण कोणाच्या जवळचा, हे तुम्हाला महिनाभरात आपोआप कळेल. कोणता निर्णय कोणाच्या सहीने होतो हे मात्र शिकावं लागतं. ते नीट ठाऊक असलं की निम्मी भांडणं उभीच राहत नाहीत.

पहिली सही कार्यभाराच्या यादीवर होईल. ती घाईत करू नका. निरोप समारंभ, शाल-श्रीफळ, फोटो यांत तो दिवस जातो आणि संध्याकाळी पाचला कोणीतरी दोन पानी यादी पुढे करतं. "सही करा मॅडम, बाकीचं नंतर बघू." तेव्हा नम्रपणे सांगा की यादी प्रत्यक्ष पाहून सही करते. रोकडवहीतली त्या दिवसाची शिल्लक आणि पेटीतली रक्कम जुळते का ते पाहा. प्रत्येक बँक खात्याचं पासबुक त्या दिवसापर्यंत भरून घ्या. चेकबुकातले कोरे चेक कोणत्या क्रमांकापासून कोणत्या क्रमांकापर्यंत आहेत ते यादीत लिहा. कोरी पावतीपुस्तकंसुद्धा क्रमांकासह. गोल शिक्के किती आहेत? आमच्याकडे एकदा तीन निघाले, एक परीक्षा विभागात, एक ऑफिसात आणि एक चक्क वसतिगृहाच्या खोलीत. सगळ्यांची सेवापुस्तकं, न्यायालयात चालू असलेल्या प्रकरणांच्या फायली, न वाटलेल्या गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्रं, डिजिटल सहीचं उपकरण, आणि सगळ्या पोर्टलांचे युजर आयडी. डेड स्टॉक रजिस्टर, म्हणजे टिकाऊ वस्तूंची नोंदवही, एका दिवसात तपासून होत नाही. त्यासाठी "प्रत्यक्ष पडताळणीच्या अधीन राहून" अशी ओळ स्वतःच्या हाताने लिहा आणि मग सही करा. तुमचे आधीचे प्राचार्य कितीही सज्जन असोत, ही ओळ त्यांच्याही भल्याची असते. पुढे सूक्ष्मदर्शक कमी भरले तर कोणीही कोणावर बोट दाखवणार नाही.

त्याच दिवशी संस्थेचा ठराव मागा. नुसतं "तुम्हाला प्रभारी केलंय" हे तोंडी सांगणं पुरत नाही. ठराव क्रमांक, तारीख, नियुक्तीचं पत्र, आणि त्यावरून विद्यापीठाकडे मान्यतेसाठी गेलेला प्रस्ताव. बँकेत सह्यांचे नमुने बदलायला हाच ठराव लागतो. विद्यापीठाचं मान्यतेचं पत्र हाती येईपर्यंत त्याचा पाठपुरावा दर आठवड्याला करा, कारण सहसंचालक कार्यालय, शिष्यवृत्ती विभाग, परीक्षा विभाग, सगळे तीच प्रत मागतात.

आता संस्थेकडे वळतो, कारण तुमच्या प्रश्नात खरी काळजी तिथलीच दिसते.

आपल्याकडच्या कॉलेजांचा कारभार कसा घडला हे थोडं मागे जाऊन पाहावं लागतं. पुण्यात १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली आणि पुढच्याच वर्षी फर्ग्युसन कॉलेज. तिथे आजीव सदस्य म्हणजे शिकवणारे प्राध्यापकच संस्था चालवत. संस्थाचालक वेगळा आणि प्राध्यापक वेगळा, असं नव्हतं. तरीही मतभेद झालेच. टिळकांनी १८९० मध्ये राजीनामा दिला, त्यामागे आजीव सदस्यांच्या मिळकतीचा आणि बाहेरच्या कामांचा वाद होता. आगरकर मात्र राहिले आणि १८९२ मध्ये प्राचार्य झाले. दुसरी परंपरा कर्मवीर भाऊराव पाटलांची. रयत शिक्षण संस्था १९१९ साली कराडजवळच्या काल्यात सुरू झाली, साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज १९४७ मध्ये आणि कराडचं सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज १९५४ मध्ये. कर्मवीरांच्या वसतिगृहात वाढलेले पी. जी. पाटील बॅरिस्टर होऊन परत रयतमध्ये आले, प्राचार्य झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही. तिसरी परंपरा आपली, तालुक्याची. गावातल्या चार जाणत्या माणसांनी जमीन दिली, वर्गणी केली, बाजार समितीतून, साखर कारखान्यातून निधी उभा केला आणि कॉलेज काढलं. अध्यक्ष, सचिव हे शेतकरी, वकील, डॉक्टर, राजकारणी. त्यांना कॉलेजबद्दल जो जिव्हाळा असतो तो खरा असतो, हे विसरू नका. माझ्या पहिल्या सचिवांनी स्वतःच्या बैलगाडीतून पायाचे दगड आणले होते. ते कॉलेजच्या आवारात आले की एकही नळ गळताना दिसला तर थांबायचे. अशा माणसाला "हा तुमचा विषय नाही" असं सांगून चालत नाही.

पण जिव्हाळा असला तरी सहीचा हक्क कायद्याने ठरतो. संस्था ही सार्वजनिक न्यास असते. विश्वस्त मंडळ बदललं की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो, ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात. तो मंजूर झाला की परिशिष्ट १ वर, म्हणजे न्यासाच्या नोंदीच्या उताऱ्यावर, नवी नावं चढतात. तुम्ही रुजू होताच परिशिष्ट १ चा ताजा उतारा मागून फाईलला लावा. याला कारण आहे. आमच्या संस्थेत एका निवडणुकीनंतर दोन गट झाले. दोघांनीही बदल अर्ज दिले, दोघांचेही प्रलंबित. एका सोमवारी माझ्या टेबलावर एकाच विषयावरची, दोन वेगवेगळ्या सचिवांच्या सह्यांची, परस्परविरोधी दोन पत्रं आली. तेव्हाच्या प्राचार्यांनी जे केलं ते मी आजही सगळ्यांना सांगतो. त्यांनी दोन्ही पत्रं आवक नोंदवहीत घेतली, दोघांनाही पोच दिली. विद्यापीठाला आणि सहसंचालकांना लेखी कळवून मार्गदर्शन मागवलं. आणि तोपर्यंत फक्त तीन गोष्टी चालू ठेवल्या: पगार, परीक्षा, प्रवेश. नेमणूक नाही, खरेदी नाही, कोणाची बदली नाही. दोन्ही गटांचे लोक केबिनमध्ये येऊन ओरडून गेले. प्राचार्यांनी चहा पाजला आणि हेच वाक्य दोघांनाही सांगितलं: "साहेब, मला लेखी आदेश येऊ द्या." पुढे प्रकरण मिटलं तेव्हा कॉलेजचा एकही निर्णय रद्द करावा लागला नाही.

सचिवांशी रोजच्या व्यवहारात एक सवय ठेवा. फोनवर जे ठरेल ते त्याच संध्याकाळी चार ओळींच्या टिपणीत लिहून त्यांच्याकडे पाठवा. "आज दुपारी आपल्याशी झालेल्या चर्चेनुसार..." असं सुरू करून. बऱ्याच जणांना हा अविश्वास वाटतो. माझा अनुभव उलट आहे. चांगले सचिव या टिपणीची वाट पाहतात, कारण त्यांनाही चार ठिकाणी उत्तर द्यायचं असतं. आणि ज्यांना तोंडी सांगून नंतर नाकारायचं असतं, ते दोन-तीन टिपण्यांनंतर तसले फोन करणं बंद करतात.

महाविद्यालय विकास समिती हे तुमचं सर्वांत मोठं साधन आहे. जुन्या १९९४ च्या कायद्यात स्थानिक व्यवस्थापन समिती होती. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ च्या कलम ९७ ने तिच्या जागी ही समिती आणली. अध्यक्ष संस्थेचे किंवा त्यांनी नेमलेले, पण सदस्य सचिव प्राचार्य. म्हणजे विषयपत्रिका काढणं, सभा बोलावणं, इतिवृत्त लिहिणं हे तुमच्या हातात. संस्थेचे सचिव, तुम्ही नेमलेले एक विभागप्रमुख, प्राध्यापकांनी निवडून दिलेले तिघे आणि त्यात किमान एक महिला, शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा एक निवडून आलेला प्रतिनिधी, अंतर्गत गुणवत्ता कक्षाचे, म्हणजे आयक्यूएसीचे, समन्वयक, विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव, आणि गावातले चार जाणकार, ज्यात एक माजी विद्यार्थी हवाच. हे चौघे संस्था नेमते, पण प्राचार्यांशी विचारविनिमय करून. हा विचारविनिमय बहुतेक ठिकाणी होतच नाही, कारण प्राचार्य तो मागत नाहीत. तुम्ही मागा.

वर्षाला किमान चार बैठका घ्यायच्या असतात. कित्येक कॉलेजांत चारही बैठकांची इतिवृत्तं मार्चअखेर एका बैठकीत लिहिली जातात आणि सह्यांसाठी शिपाई घरोघर फिरतो. हे कृपा करून करू नका. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या पाहणी समितीला एकाच पेनने, एकाच हस्ताक्षरात लिहिलेली चार इतिवृत्तं ओळखू येतात, हा त्यातला लहान तोटा झाला. मोठा तोटा असा की कॉलेजचा वार्षिक अर्थसंकल्प तयार करून संस्थेपुढे ठेवण्याचं काम या समितीचं आहे, आणि बैठकच झाली नाही तर तो अर्थसंकल्प मागच्या वर्षीच्या आकड्यांवर पाच-दहा टक्के चढवून प्रबंधकच तयार करतो. मी स्वतः तसा तयार केलेला आहे, आणि मला ते आजही खटकतं, कारण त्यात भूगोल विभागाच्या मोडक्या नकाशांना जागा नव्हती. भूगोलाच्या विभागप्रमुखांना कोणी विचारलंच नव्हतं.

स्वयंअर्थसहाय्यित वर्गांचा हिशोब, म्हणजे बीसीए, बीएस्सी संगणकशास्त्र वगैरेंची फी, हाही या समितीपुढे ठेवा. संस्था आणि प्राचार्य यांच्यातली सर्वांत जास्त कटुता याच पैशांवरून येते. या वर्गांची स्वतंत्र रोकडवही, स्वतंत्र खातं आणि दर तिमाहीला समितीपुढे एक पानाचा गोषवारा, एवढं केलं की बोलायला जागा उरत नाही.

स्थानिक चार सदस्यांचा एक ताजा उपयोग सांगतो. नव्या शैक्षणिक धोरणाची अंमलबजावणी संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून सुरू झाली आणि अभ्यासक्रमात ऑन जॉब ट्रेनिंगचे श्रेयांक (क्रेडिट) आले. शहरात ठीक आहे. तालुक्याच्या गावात मुलांना पाठवायचं कुठे? बाजार समिती, पतसंस्था, जिनिंग, दूध संघ, ग्रामीण रुग्णालय, एखाद्या सीएचं ऑफिस, शेतीसेवा केंद्र. ही दारं प्राध्यापकांच्या पत्राने उघडायला वेळ लागतो. समितीवर बसलेला पतसंस्थेचा व्यवस्थापक किंवा डॉक्टर ती एका फोनवर उघडतो. म्हणून ही माणसं नेमताना नुसती प्रतिष्ठा बघू नका, कोणाच्या दारात आपली मुलं शिकायला जाऊ शकतील ते बघा.

आता ऑफिस. इथे मला जरा जास्त लिहू द्या.

प्राचार्य आणि प्रबंधक यांचं नातं बिघडलं की कॉलेजला ताप येतो. बहुतेक प्राचार्य दोन टोकांना जातात. एक तर प्रबंधकावर सगळं सोपवून "सही कुठे करू" एवढंच विचारतात. नाहीतर संशयाने प्रत्येक पाकीट स्वतः फोडतात. मधला रस्ता सांगतो. रोज सकाळी साडेदहाला आवक टपाल तुमच्या टेबलावर यावं. तुम्ही प्रत्येक पत्रावर कोपऱ्यात कोणाकडे द्यायचं आणि कधीपर्यंत, एवढंच लिहावं. वीस मिनिटांचं काम आहे. त्यानंतर ती पत्रं प्रबंधकाची. दर शनिवारी प्रबंधकाने प्रलंबित पत्रांची यादी आणावी. माहिती अधिकाराचा अर्ज असेल तर तो वेगळ्या रंगाच्या फायलीत, कारण तिथे ३० दिवसांची मुदत धावत असते. बहुतेक कॉलेजांत प्रबंधक जन माहिती अधिकारी आणि प्राचार्य प्रथम अपिलीय अधिकारी असतात, म्हणजे प्रबंधकाने चूक केली तर अपील तुमच्यापुढे येणार आहे. म्हणून माहितीचं उत्तर प्रबंधकालाच लिहू द्या, त्याच्या वतीने तुम्ही लिहू नका.

ज्येष्ठ प्राध्यापिका म्हणून तुम्हाला ऑफिसमधले लोक आजवर "मॅडम, पगारपत्रक निघालंय" एवढ्यापुरतेच माहीत असतील. त्यांचं काम एकदा टेबलाजवळ बसून पाहा. पगाराचं बिल सेवार्थ प्रणालीत कसं भरलं जातं, ते सहसंचालक कार्यालयात आणि तिथून कोषागारात कसं जातं, कोणाची वेतनवाढ जुलैत लागते, कोणाच्या रजेमुळे रक्कम बदलते. एक दिवस पुरतो. आणि तुमच्या कॉलेजला अकरावी-बारावी जोडलेली असेल तर ध्यानात ठेवा की ते घर वेगळं आहे. कनिष्ठ महाविद्यालयाचा पगार शालार्थ या वेगळ्या प्रणालीतून, त्याचं कार्यालय शिक्षण उपसंचालकांचं, आणि सेवाशर्ती खाजगी शाळांच्या १९८१ च्या नियमावलीच्या. एकाच छपराखाली दोन कायदे राहतात. वरिष्ठ विभागाचा नियम कनिष्ठच्या शिक्षकाला लावून काढलेला आदेश हमखास अंगलट येतो. तिथल्या उपप्राचार्यांना किंवा पर्यवेक्षकांना विचारल्याशिवाय एकही रजा मंजूर किंवा नामंजूर करू नका.

पासवर्डबद्दल कळकळीने सांगतो. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज आधी लिपिकाच्या लॉगिनला येतो, तो तपासतो, मग प्राचार्यांच्या लॉगिनला जातो. तिथून पुढे गेल्याशिवाय मुलाच्या खात्यात पैसे यायचा प्रश्नच नाही. अनेक कॉलेजांत प्राचार्यांचं लॉगिनही लिपिकच चालवतो. पासवर्ड टेबलावरच्या काचेखाली चिठ्ठीवर लिहिलेला असतो, सगळ्यांना दिसेल असा. तो लिपिक प्रामाणिक असला तरी दुहेरी तपासणीचा अर्थच गेला. आणि लिपिक आजारी पडला की काय होतं ते मी पाहिलंय.

आमच्या भागात दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला टोळ्या निघतात. मुलं आईबापांबरोबर जातात, निदान धाकट्या भावंडांना सांभाळायला. एका वर्षी बी.ए. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी निघण्याच्या आदल्या दिवशी खिडकीपाशी आली. हातात उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, पासबुकाची झेरॉक्स, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी घालून. म्हणाली, "सर, अर्ज पुढं गेला का? मी आता उन्हाळ्यापर्यंत येणार नाही." आम्ही पाहिलं तर अर्ज प्राचार्यांच्या लॉगिनला दोन आठवडे पडून होता. त्रुटी इतकीच की पासबुकावरच्या नावात वडिलांचं नाव आधी आलेलं. लिपिक रजेवर होता आणि दुसऱ्या कोणाला त्या टेबलाचं काम येत नव्हतं. त्या दिवशी संध्याकाळी सातपर्यंत बसून आम्ही तिचा आणि तिच्यासारखे अडकलेले सगळे अर्ज मार्गी लावले. पुढच्या वर्षापासून प्राचार्यांनी नियम केला: नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांचे अर्ज वेगळे काढून आधी तपासायचे, आणि शिष्यवृत्तीचं टेबल दोघांना यायला हवं. हा नियम कोणत्याही परिपत्रकात नव्हता. तो त्या गावचा होता. तुमच्या गावचा नियम वेगळा असेल: कुठे आठवडी बाजाराचा दिवस, कुठे शेवटची एसटी साडेचारची. तो शोधून काढा आणि खिडकीची वेळ त्यावर बसवा.

विद्यापीठ आणि सहसंचालक कार्यालय यांच्याबद्दल फार लिहीत नाही. तिथे ओळखीपेक्षा परिपूर्ण प्रस्ताव लवकर चालतो. बिंदुनामावली, म्हणजे कोणती जागा कोणत्या आरक्षण प्रवर्गाची याची नोंद, मागासवर्ग कक्षाकडून तपासून घेतलेली नसेल तर रिक्त जागांच्या मागणीचा प्रस्ताव कितीही वेळा पाठवा, परतच येतो. म्हणून पहिल्या सहा महिन्यांत बिंदुनामावली अद्ययावत करणं हे एक काम हातात घ्याच. पूर्णवेळ प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या आहेत, तासिका तत्त्वावरचे शिक्षक अर्धं कॉलेज ओढताहेत. त्यांचं मानधन वेळेवर निघावं म्हणून तासांचा गोषवारा दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत सहीला आणायला सांगा. नेट-सेट झालेली, पीएच.डी. झालेली ही मुलंमुली आहेत. त्यांना स्टाफरूममध्ये खुर्ची आणि कपाटात एक कप्पा मिळाला आहे का, हे स्वतः जाऊन पाहा.

उपप्राचार्य कोणाला करायचं यावर तुमच्यावर दबाव येईल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या विनियमांनुसार उपप्राचार्याची नेमणूक प्राचार्यांच्या शिफारशीवरून, दोन वर्षांसाठी होते, आणि प्राचार्य नसताना त्यांचे अधिकार उपप्राचार्यांकडे जातात. तुम्ही स्वतः प्रभारी आहात म्हणून ही शिफारस सोडून देऊ नका. तुम्ही विद्यापीठात बैठकीला गेल्यावर दाखल्यावर सही कोण करणार, एवढा एकच विचार करून नाव सुचवा. त्या विनियमांत नियमित प्राचार्यासाठी पीएच.डी., पंधरा वर्षांचा अनुभव, दहा शोधनिबंध, ११० गुणांचा संशोधन स्कोअर आणि पाच वर्षांचा कार्यकाळ सांगितला आहे. तुम्ही या अटीत बसत असाल तर जाहिरात निघावी म्हणून संस्थेला आजपासून लिहीत राहा, मग मुलाखतीला तुम्ही बसा किंवा दुसरं कोणी. प्रभारीपण वर्षानुवर्षं लांबवणं कॉलेजच्या हिताचं नाही.

आयक्यूएसीच्या समन्वयकाला वर्षभर सांभाळा. डिसेंबरअखेर नॅकचा वार्षिक गुणवत्ता अहवाल पाठवायचा म्हणून डिसेंबरातच त्याची आठवण काढायची, ही रीत सोडा. प्रत्येक कार्यक्रमाचा अहवाल, हजेरी आणि दोन छायाचित्रं कार्यक्रमानंतर आठ दिवसांत त्याच्याकडे जमा झाली नाहीत तर त्या कार्यक्रमाच्या बिलावर सही करू नका. ही एकच अट आमच्याकडे कामाला आली.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण सांगतो. तास सोडू नका. आठवड्याला दोन तरी घ्याच. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात नरहर कुरुंदकर प्राचार्य होते, फलटणच्या मुधोजी कॉलेजात शिवाजीराव भोसले होते. मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्रात जुनी माणसं अजून त्यांची नावं घेतात ती त्यांच्या वर्गामुळे, व्याख्यानांमुळे. गावाने प्राचार्याला मान द्यायचा तो याच कारणाने दिला आहे. आणि व्यवहाराचं बोलायचं तर, प्रयोगशाळेत आम्ल संपलंय, मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी तुटलीय, दुसऱ्या मजल्यावर तीन दिवस पाणी नाही, हे तुम्हाला केबिनमध्ये कोणी सांगणार नाही. तासाला जाता-येता दिसेल.

महिला प्राचार्य म्हणून काही जण परीक्षा पाहतील, हेही स्पष्ट सांगतो. बैठकीत तुमच्याऐवजी शेजारच्या पुरुष सहकाऱ्याकडे बघून बोलणारे भेटतील. त्यावर चिडण्याची गरज नाही. इतिवृत्त तुम्ही लिहिणार आहात. कोणी काय सुचवलं, कोणी विरोध केला, ते नावानिशी लिहा आणि पुढच्या बैठकीत पहिला विषय म्हणून वाचून कायम करून घ्या. दोन बैठकांत लोक तुमच्याकडे बघून बोलू लागतात. अंतर्गत तक्रार समितीची मुदत संपलेली नाही ना, तिच्यावर बाहेरची सदस्य आहे ना, तिचा फलक मुलींच्या वाचनकक्षात लागलाय ना, हेही पहिल्याच महिन्यात पाहून घ्या. मुली तुमच्याकडे अशा गोष्टी घेऊन येतील ज्या आधीच्या प्राचार्यांकडे कधी आल्या नाहीत. त्यांना तुमच्या केबिनमध्ये ऐकून घ्या, पण चौकशी मात्र या समितीकडेच सोपवा, लेखी.

आता शेवटचं काम, जे मी प्रत्येक नव्या प्राचार्यांना करायला लावायचो. येत्या दोन वर्षांत निवृत्त होणाऱ्या सगळ्यांची यादी मागवा आणि त्यांची सेवापुस्तकं एकेक करून उघडा. सुरुवात शिपायापासून करा, कारण प्राध्यापक आपल्या सेवापुस्तकाची काळजी स्वतः घेतात. नेमणुकीच्या मान्यतेचं पत्र आहे का, जन्मतारखेची नोंद अक्षरी आहे का, नामनिर्देशन भरलंय का, प्रत्येक वेतननिश्चितीवर पडताळणीचा शिक्का आहे का. आमचा एक प्रयोगशाळा परिचर चौतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाला. त्याच्या पुस्तकात सुरुवातीच्या एका वेतननिश्चितीवर सहीच नव्हती. त्या काळचे प्राचार्य वारलेले, फाईल वाळवीने खाल्लेली. प्रस्ताव महालेखापाल कार्यालयातून दोनदा परत आला आणि निवृत्तिवेतन सुरू व्हायला वर्षाच्या वर गेलं. तो रोज सकाळी नेहमीच्या वेळेला कॉलेजात येऊन माझ्या टेबलासमोरच्या बाकावर बसायचा, काही बोलायचा नाही. पुस्तकं उघडलीत आणि काही अडलं तर मला विचारा. जुन्या नोंदी कुठल्या फायलींतून शोधाव्यात हे मी सांगू शकेन.